जागेवरून न हलण्याचं बक्षीस

त्यांनी माझ्या गळ्यात पट्टा घातला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं.

सकाळची पहिली शिफ्ट होती. लाइन सुरू व्हायच्या आधी आम्ही बायका रोज उभ्या राहायचो तशा उभ्या होतो. निळे कोट, डोक्यावर टोप्या, केसातले गजरे काढून डब्याच्या पिशवीत ठेवलेले. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या त्या कारखान्यात आम्ही मोबाइलचे चार्जर जोडायचो. एचआरचे निनाद सर त्या दिवशी मुद्दाम खाली आले होते. त्यांच्या हातात शाल होती. तमिळनाडूत कुणाचा सत्कार करायचा तर खांद्यावर शाल घालतात. तशीच, जरीकाठाची, चमकणारी.

"अक्का, पुढे या," सर म्हणाले.

मी गेले. मला खरंच वाटलं, कामाचं कौतुक असेल. लाइनच्या शेवटच्या जागेवर मी तपासणीला होते. माझ्या हाताखालून गेलेला माल परत येत नसे. वाटलं, कुणीतरी बघितलं बाई शेवटी.

सरांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. मग खिशातून पिवळा पट्टा काढला. बाथरूमला जाताना गळ्यात घालायचा तो पट्टा. दर लाइनला एकच असायचा, लाइनच्या टोकाला खुंटीवर. तो त्यांनी हार घालावा तसा शालीवरून माझ्या गळ्यात घातला. इंग्रजीत काहीतरी बोलले. सुपरवायझरने ते मोठ्याने तमिळमध्ये सांगितलं.

"या महिन्यात आपल्या लाइनचं सोनं ज्यांच्यामुळे गेलं, त्या अक्कांसाठी जोरात टाळ्या!"

आधी कुणी वाजवल्या नाहीत. सुपरवायझरने मान वर करून बघितलं. मग वाजल्या. मग जोरात वाजल्या. मागून कुणीतरी हसलं.

मीसुद्धा हसत होते. सत्कार चालू असताना माणसाचा चेहरा जसा होतो तसा माझा झाला होता. तो मला आवरता आला नाही. इतक्या वर्षांनी राग येतो तो त्या हसण्याचा.

शाल त्यांनी लगेच काढून घेतली. पलीकडच्या लाइनला लागणार होती.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. पाळी जायच्या आधीचे ते दिवस. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. महिना-महिना काही नाही, आणि मग एकदम अंगावर जायला लागतं, थांबत नाही. डॉक्टरीण म्हणाली होती, गाठ आहे, लहान आहे, बघू. गोळ्या चालू होत्या. टाळ्या वाजत होत्या तेव्हाही रक्त जात होतं. मला एवढीच काळजी होती की निळ्या कोटावर दिसत तर नाही ना.

ही योजना काय होती ते नीट सांगते.

माझा नवरा गाड्यांच्या कारखान्यात फिटर. त्याची बदली औरंगाबादेहून इकडे झाली तेव्हा मीही आले. तिथल्या वाळूजच्या कंपनीत मी जोडकाम करत होते. त्याच मालकांचा नवा कारखाना इथे उभा राहिला होता, म्हणून मला इथे पक्कं घेतलं. बाकी लाइनवरच्या सगळ्या पोरी ठेकेदाराच्या. कांचीपुरम, आरणी, तिंडिवनमकडच्या खेड्यांतल्या. वय अठरा, वीस, फार तर बावीस. कंपनीची बस त्यांना हॉस्टेलवरून आणायची, मला पूनमल्लीच्या नाक्यावरून उचलायची. मी त्यांच्या आयांच्या वयाची. मला सगळ्या अक्का म्हणायच्या. माझं तमिळ तुटकं होतं, ते त्यांना फार आवडायचं. माझी नक्कल करायच्या. मी करू द्यायची.

निनाद सर नंतर आले. पुण्याचे. तिशीही ओलांडली नसेल. राहायला चेन्नईत, अड्यारच्या पैसेवाल्या वस्तीत. मी मराठी आहे कळल्यावर त्यांना आनंद झाला. म्हणाले, "अरे वा, ताई! आपलं माणूस!" मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "हो का," म्हणाले. त्यानंतर 'आपलं माणूस' हा शब्द काही माझ्या कानावर आला नाही, थेट काम पडेपर्यंत.

सरांना माणसांच्या सवयी बदलायची हौस होती. वाईट नव्हती ती हौस, सुरुवातीला तरी. पोरी डोळ्यांवर चष्मा लावत नसत, डाग देताना, म्हणजे तारा सोल्डर करताना, तापलेले थेंब उडायचे. ओरडून उपयोग झाला नव्हता. सरांनी बक्षीस लावलं. जी लाइन चष्मे लावील तिला स्टीलचे डबे. पोरींनी आठवड्यात चष्मे लावले. मलाही डबा मिळाला, चांगला जाड पत्र्याचा होता. हात धुण्याला बक्षीस लावलं, पोरी हात धुवायला लागल्या. मी घरी नवऱ्याला म्हटलं, "हा पोरगा हुशार आहे. शिव्या न देता काम करून घेतो."

मग 'सलग काम' आलं.

नाव तेवढंच होतं. सलग काम. भिंतीवर रंगीत चित्र लागलं, हसणारी मुलगी, तिच्या हातात सोन्याचं नाणं. सुपरवायझरने समजावलं: एक पोरगी जागेवरून गेली की मागच्या पुढच्या दोघींचा हात अडतो. पट्टा जितका कमी वेळा खुंटीवरून निघेल तितकी लाइन पुढे. महिन्याअखेर जी लाइन पहिली, तिच्यातल्या प्रत्येकीला सोन्याचं नाणं. नाणं म्हणजे केवढं? मसुरीच्या डाळीएवढं. पण सोनं.

तमिळ पोरीला सोनं म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावं लागेल. आपल्याकडेही लग्नात सोनं लागतं, पण इथे पोरगी उभी राहिली की तिच्याकडे बघणारा मनात पवुन मोजतो. पवुन म्हणजे आठ ग्रॅम. इतके पवुन असतील तर असा नवरा, तितके असतील तर तसा. त्या पोरी कारखान्यात आल्याच होत्या आपले पवुन आपण जमवायला. बापावर बोजा नको म्हणून. सर पुण्याचे असले तरी एवढं त्यांना बरोबर कळलं होतं. पैसे लावले असते तर पोरींनी मन मारून सोडून दिले असते. सोनं कुणी सोडत नाही.

जाऊ नका असं कुणी म्हटलं नाही. पट्टा खुंटीवर होता. घ्यायला बंदी नव्हती. फक्त जी घेईल ती सगळ्या लाइनचं सोनं घेऊन जाईल.

पोरींनी आपल्या डोक्याने मार्ग काढला. पाणी बंद.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. रॅकवर बाटल्या ठेवलेल्या असायच्या, भरलेल्या. परत जातानाही भरलेल्या. मग बघितलं, सकाळी बसमध्ये कुणी कॉफी पीत नाही. नाक्यावरचा कॉफीवाला खिडकीपाशी येऊन हाका मारून दमायचा. तोंड सुकू नये म्हणून पोरी लवंग धरायच्या दाढेखाली. जेवणाला रसम घ्यायच्या नाहीत, कोरडा भात भाजीशी कालवून गिळायच्या. चेन्नईच्या उन्हाळ्यात. काही जणी पाळी नसताना पॅड लावून यायला लागल्या. का, ते मी विचारलं नाही. कळलं.

आणि पोरींनी एकमेकींवर डोळे ठेवायला सुरुवात केली. सुपरवायझरला काही करावंच लागत नव्हतं. कुणी जागेवरून जरा हलली की शेजारची म्हणायची, "थांब गं." गोड बोलून. मग कडक. मग नुसत्या डोळ्यांनी.

मी पट्टा घ्यायची. मला इलाज नव्हता. मी घेतला की लाइनभर एक श्वास सोडल्याचा आवाज यायचा.

कामाक्षी म्हणून एक होती, जिभेची तिखट. माझ्या शेजारची जागा तिची. ती म्हणाली, "अक्का, आमच्या सगळ्यांच्या पोटात वैगई. तुमच्याच पोटात कूवम कशी?"

वैगई ही मदुरेची नदी, बाराही महिने वाळू. कूवम म्हणजे चेन्नईची गटारगंगा. सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. विनोद चांगला होता. मीही हसले असते, जर त्यात मी नसते.

मल्लिका हसली नाही. माझ्या समोरच्या बाकावर डाग द्यायची ती. काळीसावळी, हाडकुळी, हात यंत्रासारखा चालायचा. तिचं लग्न ठरत होतं. मुलगा चांगला होता, त्याच्या आईने सोन्याचा आकडा सांगितला होता, आणि त्याला थोडं कमी पडत होतं. मल्लिका हसण्याऐवजी माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, तुमचं लग्न झालंय. मुलं मोठी झालीत. तुम्हाला काय फरक पडतो?"

तिला कसं सांगू की मला पॅड बदलायचं असतं. मी म्हटलं, "पोटाचं दुखणं आहे गं."

"मग सुट्टी घ्या ना."

एवढी नीट पोरगी. घरी आईला नक्कीच असं बोलत नसणार. महिनाभरात सोन्याच्या डाळीने तिला एवढं शिकवलं.

त्या महिन्याअखेर आमची लाइन दुसरी आली. आणि मग ती शाल.

टाळ्यांच्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू काय करणार आहेस? नडू नकोस. वर्ष-दोन वर्षांत बदली मागू." भाकरी थापताना मला माझी आई आठवली. आई लोकांच्या शेतात खुरपायला जायची. तहान लागली की बांधावर बसून ओंजळ करायची, आणि मालकीण वरून पाणी ओतायची, भांडं लागू न देता. आई सांगायची, पोट भरायच्या आधी त्यांचा हात थांबायचा. तिला पाणी कमी मिळायचं, कारण कुणीतरी विटाळ मानत होतं. इथे नळ उघडा, बाटल्या भरलेल्या, आणि पोरी आपणहून पीत नव्हत्या, कारण कुणीतरी बक्षीस देत होतं. मालकिणीला निदान तिथे उभं राहून हात आखडता घ्यावा लागायचा. या साहेबांना तेवढेही कष्ट नव्हते.

दुसऱ्या महिन्यात मी पोरींपेक्षा जास्त प्रयत्न केला. खोटं कशाला सांगू. दोन-दोन पॅड लावून उभी राहिले. पाणी सोडलं. पट्ट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. लाइन पहिल्या नंबरावर गेली. कामाक्षीने बसमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. पोरी परत माझी नक्कल करायला लागल्या. मला बरं वाटलं. पट्टा न घेण्याबद्दल मिळालेलं प्रेम ते. तरी बरं वाटलं.

मल्लिकाला ताप यायला लागला होता. ती सांगत नव्हती. पण समोर उभी असायची ना. डाग देता देता ओठ चावायची, पाय एकावर एक घ्यायची. जेवणाच्या सुट्टीत बाथरूममधून बाहेर आली की भिंतीला टेकून उभी राहायची. मी विचारलं, "जळजळ होते का?" तिने मान हलवली. मी म्हटलं, "दवाखान्यात चल. लघवीला जंतू झालेत, दुसरं काही नाही. पाणी पी. पोटभर पी."

"महिना संपू दे अक्का," ती म्हणाली. "संपतच आलाय."

तो दिवस महिन्याच्या अखेरचाच होता. दुपार व्हायची होती. मल्लिकाचा हात थांबला. त्याआधी कधीच थांबला नव्हता. मी वर बघितलं. तिचे डोळे पट्ट्याकडे होते. मग लाइनकडे गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुणी मान वर केली नाही. सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी वर बघत नव्हतं. तिने डागणीची कांडी परत उचलली. आणि उभ्या जागी तिची सलवार ओली झाली. खाली फरशीवर आलं. त्यात लाल होतं.

ती काम करत राहिली. चार्जर माझ्याकडे येत राहिले. बरोबर जोडलेले.

सुपरवायझरने बघितलं. त्याने नाक मुरडलं नाही, ओरडला नाही. झाडलोटीच्या बाईला हाक मारून फडकं आणायला सांगितलं. आणि मग पोरींकडे वळून म्हणाला, "परवा इल्लै. चालू द्या." परवा इल्लै म्हणजे हरकत नाही.

दर बाकाला एक लाल बटण असतं. चूक दिसली की दाबायचं, लाइन थांबते. मला चूक दिसली. मी दाबलं.

लाइन थांबली, भोंगा वाजला, दिवा लागला. मी माझ्या जागेवरून निघून मल्लिकाच्या बाकाशी गेले आणि तिचा हात धरला. तिने तो झटकला. "अक्का, नको! अक्का, पोदुम, पोदुम!" पुरे, पुरे म्हणत होती. माझ्यावर चिडली होती. तिच्या मागच्या पोरी ओरडायला लागल्या. "अक्का, बटण सोडा!" एकीने शिवी दिली. मी मल्लिकाला जवळजवळ ओढत बाथरूमपर्यंत नेलं. पट्टा घेतला नाही. आतून कडी लावून ती रडत होती, आणि मी बाहेर उभी राहून तिच्यासाठी झाडलोटीच्या बाईकडून कोरडी साडी मागत होते. रडणं दुखण्याचं होतं की सोन्याचं, मी विचारलं नाही. तिला कंपनीच्या गाडीने दवाखान्यात पाठवलं.

मला वर बोलावलं. साहेबांचा मजला. गार हवा, जाड पडदे. जिन्याशेजारीच त्यांची बाथरूम होती. आत जाणारे येणारे हात पुसत गप्पा मारत होते. त्यांच्या कुणाच्या गळ्यात काही नव्हतं.

"बसा ताई," निनाद सर म्हणाले. केबिनमध्ये दोघंच होतो. मराठीत बोलत होते.

मी उभीच राहिले.

"कुणी सांगितलं लाइन थांबवायला?"

"चूक दिसली की बटण दाबायचं, असं शिकवलंय."

"मालातली चूक, ताई."

"पोरगी उभ्या जागी ओली झाली. ही कशातली चूक?"

"हे बघा, मी कुणाला जाऊ नका म्हटलंय का? पट्टा आहे ना तिथे? कधीही घ्या. कुणावर जबरदस्ती नाही. आम्ही फक्त चांगल्या सवयीला प्रोत्साहन देतो."

"कुठल्या सवयीला?"

"सलग काम करण्याच्या."

"म्हणजे काय करण्याच्या?"

"ताई, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय."

"मला कळतंय. तुम्ही म्हणा."

ते म्हणाले नाहीत. हसले. खुर्ची मागे ढकलून मोकळेपणाने म्हणाले, "तुम्हाला गंमत सांगतो. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. तिला पॉटीवर बसायची सवय लावतोय. बसली की एक स्टिकर. पाच स्टिकर झाले की चॉकलेट. पंधरा दिवसांत शिकली! माणूस असाच शिकतो हो. लहान असो, मोठा असो."

त्यांना ते खरंच वाटत होतं. मला दुखवायला बोलले नव्हते. त्यामुळेच ते जास्त लागलं. माझ्या वयाच्या बाईसमोर बसून हा मुलगा सांगत होता की मला कशी सवय लावायची ते तो आपल्या लेकीवर शिकला.

मी म्हटलं, "तुमच्या मुलीला तुम्ही जायला शिकवताय. आम्हाला न जायला."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग आवाज खाली आणला. "हे बघा, तुम्ही आपलं माणूस म्हणून सांगतो. वरती सगळे तापलेत. उद्या सकाळी लाइनसमोर दोन शब्द बोला. घाईत चुकून बटण दाबलं गेलं. विषय संपला. पोरी तुमचं ऐकतात. मी तुम्हाला स्टोअरमध्ये घेतो. बसून काम, सावलीत. पगारातही बघू. तुमच्या तब्येतीला बरं पडेल. तिथे तो पट्टाबिट्टा काही नाही."

मी "बघते" म्हणून बाहेर आले.

हेही सांगायलाच हवं की मी त्यावर विचार केला. चांगला विचार केला. बसून काम. बाथरूम चार पावलांवर. घरी नवरा म्हणाला, "घे की. दोन शब्दांनी काय झिजतं?" मलाही झिजेल असं काही सापडेना. पोरींनी मला शिव्या दिल्या होत्या. मल्लिकानेच माझा हात झटकला होता. कुणासाठी अडून राहायचं? मी झोपले ते दोन शब्द तमिळमध्ये जुळवतच.

सकाळी बसमध्ये चढले. मल्लिकाची जागा रिकामी होती. लाइन थांबली म्हणून सोनं गेलं होतं, माझ्याशी कुणी बोललं नाही. ते मी धरूनच चालले होते. नाक्यावर कॉफीवाला आला, खिडकीशी उभा राहिला, "कॉफी, कॉफी" करत राहिला. एकीनेही हात बाहेर काढला नाही. कामाक्षीने पिशवीतून लवंगांची पुडी काढली आणि पोरींमध्ये फिरवली.

नवा महिना लागला होता. नवं नाणं.

काल त्या फरशीवर काय झालं ते प्रत्येकीने बघितलं होतं. आणि प्रत्येकीने ठरवलं होतं की आपल्याला तसं होणार नाही, आपण आणखी कमी पिऊ.

मला वाटत होतं, मी दोन शब्द माझ्यापुरते बोलणार आहे. बसमध्ये कळलं, ते शब्द या पोरींच्या घशात जाणार आहेत. सगळ्यांत मोठी बाई, पक्की नोकरीवाली, तीही म्हणाली चूक झाली, मग काय राहिलं?

आम्ही उभ्या राहिलो. सर खाली आले. शाल नव्हती. "अक्कांना काही सांगायचंय," ते म्हणाले.

मी पुढे गेले आणि माझ्या तुटक्या तमिळमध्ये बोलले. "बटण चुकून दाबलं गेलं नाही. मी मुद्दाम दाबलं. मल्लिकाला मुतायला जाता आलं नाही, म्हणून दाबलं."

दवाखान्यातला जंतुनाशकासारखा शब्द मला येत होता. तो वापरला नाही. बायका घरात वापरतात तो वापरला. पोरींनी तोंडावर हात घेतले. सुपरवायझर खाली बघायला लागला. जे झालं त्याची लाज कुणाला वाटली नव्हती. त्या शब्दाची वाटली.

मग मी सरांकडे वळून मराठीत म्हटलं, "सर, मी माफी मागते. आत्ता मागते. फक्त एकदा या पोरींना तुमची योजना सरळ सांगा. सलग काम म्हणू नका. म्हणा, मुतायला न जाण्याबद्दल सोन्याचं नाणं. एवढं एकच वाक्य. सुपरवायझर तमिळमध्ये सांगतील."

"ताई, जरा भाषा!"

"एकच वाक्य, सर."

"वर या तुम्ही. आत्ताच्या आत्ता वर या."

"येते. मला काढायचं असेल तर काढा. पण कागदावर कारण लिहा. बाई मुतायला गेली म्हणून काढली. याच शब्दांत लिहा, आणि खाली सही करा. मी तो कागद लेबर ऑफिसात नेते."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. एवढा शिकलेला माणूस, इतक्या बायकांच्या अंगावर योजना बसवणारा, आणि त्याच्या तोंडून ते वाक्य निघेना.

मला काढलं नाही. पक्की होते, आणि तो कागद लिहायला कुणी तयार झालं नाही. स्टोअर मिळालं नाही. पॅकिंगला टाकलं, शेडच्या पार टोकाला, जिथून बाथरूम सर्वांत लांब. दोन वर्षं पगार जिथल्या तिथे राहिला. मल्लिकाला ठेकेदाराने परत घेतलं नाही. तिचा भाऊ येऊन सामान घेऊन गेला. तिचं लग्न त्याच मुलाशी झालं की नाही, मला माहीत नाही. योजना बंद झाली नाही. तिचं नाव बदललं, चित्र बदललं, पट्ट्याच्या जागी कार्ड आलं. पोरी बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस बसमध्ये कामाक्षी माझ्या बाकापाशी येऊन उभी राहिली. "अक्का, मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे," म्हणाली. "सरका." आणि बसली. यापेक्षा जास्त काही घडलं नाही, आणि मी ते वाढवून सांगणार नाही.

पॅकिंगला असताना मला गरज लागली की मी जायची. कार्डाला हात लावला नाही. सुपरवायझर विचारायचा, "अक्का, कुठे?" मी कुठे ते सांगायची, मोठ्याने, त्याच शब्दात. थोड्याच दिवसांत त्याने विचारणं सोडलं.

त्यानंतर मी आणखी दोन कारखान्यांत काम केलं. सगळीकडे साहेब येतात, हसून बोलतात, पोरींसमोर काहीतरी चमकणारं धरतात आणि त्याला गोड नाव देतात. मी नव्या पोरींना एवढंच शिकवते. त्या नावावर थांबायचं नाही. विचारायचं, साहेब, म्हणजे काय करायचं? परत विचारायचं. तो उघड्या शब्दात सांगेपर्यंत विचारायचं. सांगितलं तर आपण ठरवू, घ्यायचं की नाही. आणि ज्याला आमच्या तोंडावर ते वाक्य म्हणता येत नाही, त्याचं बक्षीस आम्ही घेणार नाही. मी नाही, आणि माझ्या शेजारी उभी असेल तीही नाही, हे बघणं माझं काम आहे.